वळचणीची कुंभारीण

दिवाळीआधीची झाडलोट सुरू झाली की आई जुनं उलथनं घेऊन स्टुलावर चढायची. तसबिरींच्या मागे, दाराच्या चौकटीवर, वीजमीटरच्या फळीखाली मातीचे गोळे चिकटलेले असत, ते ती खरवडून काढायची आणि मी खाली सुपली धरून उभी असायची. असाच एक गोळा सुपलीत पडून फुटला आणि त्यातून पंधरा-सोळा कोळी सांडले. हिरवट, करडे, ठिपक्यांचे. सगळे मेलेले वाटत होते. झाडूच्या काडीने एकाला डिवचलं, तर त्याचा पाय किंचित हलला.

"कुंभारणीचं घर आहे ते, टाकून दे," आई म्हणाली. मी टाकून दिलं. पण तो हललेला पाय मी विसरले नाही. आज इतक्या वर्षांनी मोरीमागच्या अळवाशेजारी पाट टाकून मी सकाळचा तासभर बसते, त्याचं मूळ त्या सुपलीत आहे. तुमच्याकडे अंगण असेल, परसबाग असेल, नाहीतर चार कुंड्यांची गॅलरी असेल, तरी तुम्हालाही असं बसता येईल. कसं बसायचं, काय बघायचं आणि काय करू नये, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी भीतीचं बोलू, कारण ती गेल्याशिवाय कोणी जवळ बसत नाही. गांधीलमाशी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पोळं येतं आणि अंगावर धावून येणाऱ्या माश्या येतात. ती वेगळी मंडळी. फांदीला किंवा छताला कागदासारखं, उघड्या षटकोनी खणांचं पोळं लटकतंय आणि त्यावर एकापेक्षा जास्त माश्या बसल्यात असं दिसलं, तर ते एकत्र कुटुंब आहे, आणि तिथून लांबच राहायचं. कुंभारीण हीही गांधीलमाशीच, पण ती एकटी राहते. तिला राणी नाही, कामकरी नाहीत. एकच मादी जागा शोधते, घर बांधते किंवा बीळ खणते, शिकार आणते, अंडं घालते, दार लिंपते आणि निघून जाते. राखायला पोळं नसतं, म्हणून ती माणसाच्या अंगावर येत नाही. हातात पकडली, कपड्यात अडकली किंवा उघड्या पायाखाली आली तरच ती डंख मारते. नांगी म्हणजे मुळात अंडी घालण्याच्या नळीचंच बदललेलं रूप, त्यामुळे नराला नांगी नसतेच. एवढं असूनही कोणाला कुठल्याही माशीच्या डंखाने पूर्वी चेहरा सुजणं, दम लागणं, चक्कर येणं असं झालं असेल, तर त्यांनी हे निरीक्षण खिडकीच्या काचेतून करावं. आणि डंखानंतर अशी लक्षणं दिसली तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठावा.

माझ्या अनुभवात बसायला सर्वांत चांगला काळ पाऊस ओसरल्यावरचा, गणपतीपासून दिवाळीपर्यंतचा. ऊन चढत असतं, माती ओली असते, आणि कोळी, अळ्या, नाकतोडे भरपूर असतात. सकाळी नऊ ते बारा ही वेळ धरा. ढगाळ दिवशी फार आशा ठेवू नका. आणि घरटं शोधत हिंडू नका, आधी माती शोधा. मोरीचं पाणी जिथे मुरतं, नळाखाली जिथे चिखल होतो, तिथे बसा. चिखल नसेल तर करा. उथळ पसरट थाळीत चाळलेला पोयटा घ्या आणि लोण्याइतका मऊ होईल एवढं पाणी घाला. वाळू जास्त झाली तर ती येणार नाही.

काळ्या अंगावर पिवळ्या खुणा, पाय काळे-पिवळे, आणि छाती व पोट यांच्यामध्ये काडीसारखी लांब, बारीक कंबर. ती उतरली, डोकं खाली आणि पोट वर करून चिखल कुरतडायला लागली की ओळखा: ही स्केलिफ्रॉन. आपल्याकडच्या घरांत नेहमी दिसणाऱ्या जातीचं नाव स्केलिफ्रॉन मद्रासपटानम. कान द्या. चिखल उचलताना ती एक बारीक, उंच सूर काढते. छातीचे स्नायू थरथरवून ती तो कंप चिखलात सोडते, त्याने चिखल सैल होतो आणि गोळी बांधता येते. भिंतीवर गोळी पसरताना पुन्हा तोच सूर. घरटं अडगळीत असेल तर दिसायच्या आधी ऐकू येतं.

गोळी घेऊन ती कुठे जाते ते एका खेपेत कळत नाही. पहिल्या खेपेला दिशा बघा, दुसऱ्या खेपेला त्या दिशेला चार पावलं सरकून बसा. तीन-चार खेपांत घरटं सापडतं. मग खेपा मोजा. एक कोठडी पुरी व्हायला साधारण वीस ते चाळीस गोळ्या लागतात आणि प्रत्येक गोळी ती कमानीसारखी पट्टी करून लावते. ताज्या कोठडीवर या पट्ट्या वेगवेगळ्या दिसतात, कारण प्रत्येक गोळी वेगळी वाळते. हे बघायला मिळालं तर त्या दिवशी दुसरं काही न करता तेवढंच बघा. नंतर शेजारी-शेजारी चार-सहा कोठड्या झाल्या की ती सगळ्यांवर एक सरसकट लेप देते आणि भिंतीवर नुसता गोळा फेकल्यासारखा दिसतो. आई खरवडायची तो हाच.

कोठडी बांधून झाली की ती कोळी आणायला लागते. माझ्या सुपलीतल्या कोळ्याचा पाय का हलला होता, ते इथे कळतं. ती कोळ्याला मारत नाही, नांगीने लुळा पाडते. मेलेला कोळी आपल्या हवेत दोन दिवसांत सडेल किंवा वाळेल, लुळा पडलेला बरेच दिवस ताजा राहतो. कोळ्यांपैकी एकाच्या पोटावर अंडं घातलेलं असतं. त्यातून निघालेली अळी एकेक कोळी संपवते, तपकिरी, कागदी कोष विणते आणि उबदार हवा असेल तर साधारण महिन्याभरात भिंतीला गोल भोक पाडून बाहेर येते. कधी कोषातच महिनोन्महिने सुप्त राहते. संध्याकाळपर्यंत कोठडी भरली नाही, तर ती तोंडावर मातीचा पातळ पडदा ओढून जाते आणि सकाळी तो फोडून पुन्हा काम सुरू करते. हे बघायचं असेल तर दिवे लागणीला एकदा आणि उजाडल्यावर एकदा बॅटरी घेऊन जा.

दुसरी कारागीर खरोखर मडकं घडवते. डेल्टा आणि युमेनिस या वंशांतल्या या माश्या साधारणपणे तांबूस, पिवळ्या आणि काळ्या रंगांच्या असतात. बसल्यावर त्या पंख लांबीत दुमडतात, त्यामुळे पंख अरुंद पट्टीसारखे दिसतात. स्केलिफ्रॉन तसं करत नाही. आणखी एक फरक मला फार आवडतो. स्केलिफ्रॉन ओला चिखल उचलते. मडकं करणारी पोटात पाणी भरून आणते, कोरड्या मातीवर ते ओकते आणि तिथेच चिखल मळते. म्हणून चिखलाच्या थाळीशेजारी खडे घातलेली पाण्याची बशी आणि कोरड्या मातीचा एक उघडा तुकडा असू द्या, दोघींची सोय होईल. युमेनिसचं मडकं वाटाण्यापेक्षा थोडं मोठं, गोल, आणि वर चंबूसारखी काठ वळवलेली मान. ते काटकीवर, पानाच्या देठावर, कधी तुळशीच्या वाळक्या फांदीवर सापडतं. ही बाई कोळी आणत नाही, अळ्या आणते; त्यांत कोबी, टोमॅटो, वांगी पोखरणाऱ्याही असतात. आणि शिकारीच्या आधीच ती मडक्याच्या छताला एका बारीक धाग्याने अंडं टांगून ठेवते. वळवळणाऱ्या अळ्यांच्या गर्दीत ते चिरडत नाही.

आपल्या परंपरेत हिला फार मानाची जागा आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत ही आहे, आणि एकनाथांनी त्या स्कंधावर मराठीत विस्ताराने लिहिलं आहे. भिंतीतल्या घरात कोंडलेला किडा भयाने सतत हिचंच ध्यान करतो आणि शेवटी तिच्यासारखाच होतो, हा तो दृष्टान्त. भ्रमरकीटकन्याय म्हणतात तो हाच. कोणी त्याला भाबडी समजूत म्हणून बाजूला सारतं तेव्हा मला वाईट वाटतं. दृष्टान्ताचा अर्थ अध्यात्माचा आहे आणि तो तिथे शाबूत आहे. पण त्यामागचं निरीक्षणही बघा किती बारीक आहे. तिने किडा भिंतीत नेला, खरं. दार लिंपताना ती गुणगुणली, खरं. काही दिवसांनी त्याच घरातून तिच्यासारखीच माशी बाहेर आली, खरं. मधलं अंडं तेवढं लिंपलेल्या दाराआड राहिलं. तुम्ही छताला टांगलेलं अंडं एकदा बघितलंत की ही साखळी पुरी होते. त्यासाठी मडकं फोडायची गरज नाही. बांधकाम चालू असताना, ती शिकारीला गेली की, तोंडातून बॅटरीचा झोत टाकून क्षणभर डोकावा आणि बाजूला व्हा.

काहीजणी बांधकाम करत नाहीत, तयार भोकं शोधतात. त्यांच्यासाठी आपण घरं देऊ शकतो आणि गॅलरीवाल्यांना हा सर्वांत सोपा मार्ग आहे. बारीक बांबू किंवा बोरू घ्या. सुमारे पंधरा सेंटिमीटरचे तुकडे असे कापा की एका टोकाला पेर राहील आणि दुसरं टोक उघडं राहील. आतलं भोक चार मिलिमीटरपासून बारा मिलिमीटरपर्यंत वेगवेगळं हवं, सगळी एकाच मापाची नकोत. उघडं तोंड पॉलिशपेपरने गुळगुळीत करा, कारण कूस राहिली तर पंख फाटतात. पंधरा-वीस नळ्यांची मोळी बांधून वळचणीला, पाऊस लागणार नाही अशा जागी, छातीच्या उंचीवर आडवी टांगा. तोंडं जरा खाली झुकलेली असू द्या. टांगायच्या तारेला ग्रीस लावा, नाहीतर मुंग्या सगळं संपवतील. पपईच्या पानाचे पोकळ देठ मी वापरून पाहिले, ते पावसाळ्यात कुजतात.

मग वाट पाहायची. नळीचं तोंड बंद झालं की ते कशाने बंद झालं त्यावरून आतलं बिऱ्हाड ओळखता येतं. मातीचा सपाट बूच असेल तर गांधीलमाशी: बारीक नळीत सडपातळ काळी ट्रायपॉक्सिलॉन, ती कोळी भरते, जाड नळीत तांबूस-काळी रिंचियम, ती अळ्या भरते. वाळक्या गवताच्या काड्यांचा झुपका बाहेर आला असेल तर आयसोडोंशिया, तिची शिकार म्हणजे नाकतोड्यांचे भाऊबंद. पानाच्या गोल चकत्या दिसल्या तर ती पानकापी मधमाशी, गुलाबाची पानं अर्धचंद्राकार कापणारी. तिलाही राहू द्या. नळीत आतल्या बाजूला बहुधा माद्यांची अंडी असतात आणि तोंडाशी नरांची, म्हणून नर आधी बाहेर येतात. फलित अंड्यातून मादी, अफलित अंड्यातून नर, आणि कोणतं घालायचं ते आई ठरवते.

आता जमिनीकडे. सगळं अंगण फरशीने झाकलं असेल तर तुम्ही निम्म्या माश्यांना मुकलात. दोन फूट बाय दोन फूट तरी उन्हातली, मोकळी, पाणी न साठणारी माती ठेवा. तिच्यावर पालापाचोळा पसरू नका, ती सारखी खुरपू नका. तिथे स्फेक्स येते, पुढच्या पायांच्या काट्यांनी कुत्र्यासारखी माती मागे उडवत बीळ खणते आणि आपल्याहून जड नाकतोडा मिश्या धरून ओढत आणते.

बीळ सापडलं तर एक प्रयोग करून बघा. तो निको टिनबर्गन या डच शास्त्रज्ञाने नेदरलँड्समधल्या वाळूच्या माळावर मधमाश्यांची शिकार करणाऱ्या माश्यांवर केला होता आणि 1932 साली प्रसिद्ध केला. पुढे 1973 मध्ये त्याला कार्ल फॉन फ्रिश आणि कोनराड लोरेन्झ यांच्याबरोबर नोबेल मिळालं. माशी बिळात असताना त्याने बिळाभोवती पाइनच्या बोंडांचं कडं मांडलं. बाहेर पडल्यावर तिने बिळावर काही क्षण घिरट्या घातल्या आणि ती उडून गेली. ती नसताना त्याने कडं फूटभर बाजूला सरकवलं. शिकार घेऊन परतलेली माशी कड्याच्या मध्यावर उतरली आणि तिथेच दार शोधत राहिली. खरं दार फूटभरावर उघडं होतं. ती वासाने येत नव्हती, खुणा पाठ करून येत होती.

आपल्याकडे पाइनची बोंडं नाहीत. सुपाऱ्या घ्या, नाहीतर लिंबाएवढे गोटे. बाहेर पडतानाच्या त्या घिरट्या जरूर बघा. मागे सरकत, बिळाकडे तोंड ठेवून ती मोठी-मोठी वर्तुळं काढते. तो तिचा पाठ आहे. कडं सरकवून बघितलंत की दोन-तीन मिनिटांत ते जागेवर ठेवा. एका माशीवर हा प्रयोग एकदाच करा. तोंडात शिकार घेऊन भटकणाऱ्या आईला जास्त वेळ चकवणं मला पटत नाही, आणि मुलांनाही ते समजावून सांगावं.

शेतकरी वाचकांसाठी एक खास ओळख. गवतावर, कुंपणाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर येरझाऱ्या घालणारी केसाळ, दणकट, काळी माशी दिसली तर ती बहुधा स्कोलिया कुळातली. ती जमिनीत शिरून भुंगेऱ्यांच्या अळ्या शोधते, म्हणजे हुमणी आणि तिची भावंडं. ती बीळ बांधत नाही, अळीला मातीतच लुळं पाडून तिच्यावर अंडं घालते. उसाच्या मुळाशी हुमणी काय करते ते ज्यांनी पाहिलंय, त्यांनी ही माशी दिसल्यावर फवारणीचा पंप खाली ठेवावा.

घरातली एक राहिली. माळ्यावर, मोरीच्या कोपऱ्यात हिरव्यागार धातूसारखी चमकणारी, तांबड्या मांड्यांची माशी चालत फिरताना दिसली तर ती अँप्युलेक्स कॉम्प्रेसा, झुरळाची शिकारीण. तिचा पहिला डंख झुरळाच्या छातीत, पुढचे पाय थोडा वेळ लुळे करण्यापुरता. दुसरा थेट डोक्यात. झुरळाला चालता येतं, पण स्वतःहून चालावंसं वाटत नाही. मग ती त्याची मिशी धरून त्याला दावणीच्या गुरासारखं बिळाकडे नेते. मेंदूतल्या नेमक्या कोणत्या भागात ते विष जातं, यावर इस्राएलच्या बेन-गुरियन विद्यापीठात फ्रेडरिक लिबरसाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं काम केलं आहे.

बघता बघता तुम्हाला चोरही दिसतील. शिकार घेऊन जाणाऱ्या माशीच्या मागे, हातभर अंतर राखून, एक करडी छोटी माशी उडत असते. दार उघडलं की ती आपली पिल्लं आत सोडते. मातीच्या घरट्यावर निळ्या-हिरव्या रत्नासारखी स्टिल्बम बसलेली दिसेल, तीही परक्या घरात अंडं घालायला आलेली. हाकलू नका. सुरुवातीला मीही हाकलायचे. आता तीही वहीत लिहिते.

वही मात्र हवीच. तारीख, वेळ, ऊन की ढग, किती खेपा, कोणती शिकार, दार कधी बंद झालं. नावं ठाऊक नसली तरी चालेल. फोटो इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर किंवा आयनॅचरलिस्टवर टाकलेत तर ओळखायला मदत करणारी माणसं आहेत. फोटो काढताना तुमची सावली घरट्यावर पडू देऊ नका. आणि बागेत थोडा शेपू, बडीशेप, कोथिंबीर फुलोऱ्यावर जाऊ द्या. या माश्यांची तोंडं आखूड. त्यांना अशा उघड्या, बारीक फुलांतला मध पिता येतो. स्वतः त्या त्यावरच जगतात, शिकार फक्त पिल्लांसाठी असते. ज्या बागेत कीटकनाशकाची फवारणी होते, तिथे यातलं काही दिसणार नाही.

घरटं नको त्या जागी झालं तर काय? 1996 च्या फेब्रुवारीत डॉमिनिकन रिपब्लिकमधून निघालेलं एक बोइंग 757 समुद्रात पडलं आणि 189 माणसं गेली. वेग मोजणारी नळी बंद झाली होती. ती नळी हाती आली नाही, पण विमान त्याआधी नळीवर झाकण न घालता उभं होतं आणि तपास करणाऱ्यांचा संशय कुंभारणीच्या घरट्यावरच होता. म्हणून गीझरचं धुराडं, एसीची पाण्याची नळी, गॅसशेगडीचा बर्नर, न वापरलेला प्लगपॉइंट यांना जाळी किंवा झाकण आधीच लावा. तिथे बांधकाम सुरू झालंच, तर पहिल्या दोन-चार गोळ्यांतच पुसून टाका. ती दुसरी जागा शोधते. भरलेली कोठडी फोडण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

यंदा झाडलोट कराल तेव्हा मातीच्या गोळ्याला उलथनं लावण्याआधी तो नीट बघा. त्यावर पेन्सिल जाईल एवढी गोल भोकं दिसली, तर माश्या निघून गेल्या आहेत. गोळा खुशाल काढा, मुलांना आतले रिकामे कोष दाखवा. भोक नसेल तर आत कोणीतरी आहे. तेवढी वीतभर भिंत यंदा तशीच राहू द्या.